लिस्बन कसे पाहावे : एका ऐतिहासिक शहराच्या भेटीची आखणी

टेगस नदी अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी तिचे पात्र खाडीइतके रुंद होते, आणि या पात्राच्या उत्तर तीरावरील टेकड्यांवर पोर्तुगालची राजधानी लिस्बन वसलेली आहे. फिनिशियन व्यापारी, रोमन, उत्तर आफ्रिकेतून आलेले मुस्लिम राज्यकर्ते आणि ११४७ पासून ख्रिस्ती राजे, अशा अनेकांच्या ताब्यात हे बंदर राहिले. असे असले तरी आजचे शहर समजून घ्यायचे तर १ नोव्हेंबर १७५५ ही तारीख सर्वात आधी लक्षात ठेवावी लागते. त्या दिवशी सकाळी, ‘सर्व संतांच्या सणा’निमित्त चर्चे भाविकांनी भरलेली असताना, समुद्रतळाशी झालेल्या प्रचंड भूकंपाने लिस्बन हादरले, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा नदीतून आत शिरल्या आणि पडझडीत पेटलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. या संकटातून काही वस्त्या वाचल्या, काही भुईसपाट होऊन नव्याने आखल्या गेल्या, तर नगराबाहेरचा बेलेमसारखा भाग फारशी झळ न लागता टिकला.

लिस्बनच्या भेटीची आखणी याच वस्तुस्थितीवरून करणे हिताचे ठरते. प्रसिद्ध स्थळांची यादी घेऊन शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावण्यापेक्षा एका दिवसाला एक विभाग दिला, तर चढउताराचे श्रम वाचतात आणि प्रत्येक विभागाचा काळ वेगळा असल्याने इतिहासाचा क्रमही आपोआप ध्यानात येतो. या दृष्टीने पाच दिवसांचा मुक्काम पुरेसा असून पुढील मांडणी त्या मर्यादेत केली आहे.

ऋतू, व्हिसा आणि पूर्वतयारी

लिस्बनचे हवामान भूमध्यसागरी प्रकारचे आहे, म्हणजे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. भारतीय मोसमी पावसाच्या नेमका उलटा हा क्रम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे सरासरी कमाल तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असले आणि समुद्रावरून वारा येत असला, तरी याच काळात युरोपभरच्या सुट्ट्यांमुळे गर्दी व निवासाचे दर दोन्ही वाढतात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने त्यामुळे अधिक सोयीचे आहेत. दिवसाच्या लांबीचा विचारही आवश्यक आहे, कारण जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये संध्याकाळी सव्वापाचलाच अंधारू लागते. त्यामुळे हिवाळ्यातील एका दिवसात उन्हाळ्याइतके काम होत नाही. १२ जूनच्या रात्री संत अंतोनियोचा उत्सव असतो आणि जुन्या वस्त्यांतील गल्ल्यागल्ल्यांत तारली मासे भाजले जातात. उत्सव पाहायचा असेल तर निवासाची सोय बरीच आधी करावी लागते आणि शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळावा लागतो.

भारतीय पारपत्रधारकांना पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. हा व्हिसा युरोपातील अनेक देशांना समाईक असून त्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवासात एकाहून अधिक देश असतील, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करावा, आणि दिवस समान असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे करावा, असा नियम आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागत असले तरी काही प्रकरणांत ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवून अर्ज करणे शहाणपणाचे आहे. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे लागते, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक आहे.

तारखा पक्क्या करताना आठवड्याचा वारही पाहावा लागतो. लिस्बनमधील बहुतेक सरकारी स्मारके आणि संग्रहालये सोमवारी बंद असतात, शिवाय १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशीही ती उघडत नाहीत. जुन्या इमारतींचे जतनकार्य महिनोन्महिने चालते आणि त्या काळात एखादे स्मारक पूर्णपणे बंद राहते. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्याला हवी असलेली स्थळे खुली आहेत की नाहीत, हे त्या त्या अधिकृत संकेतस्थळावर तपासणे हा आखणीचाच भाग समजावा.

मुक्काम आणि शहरातील वाहतूक

लिस्बनचा विमानतळ शहराच्या हद्दीतच असून मेट्रोची तांबडी मार्गिका तेथपर्यंत जाते. मेट्रोच्या चार मार्गिका निळा, पिवळा, हिरवा आणि तांबडा अशा रंगांनी ओळखल्या जातात, आणि पैसे भरून पुन्हा पुन्हा वापरता येणारे एकच कार्ड मेट्रो, बस, ट्राम व नदीपारच्या फेरीबोटींवर चालते. मुक्कामाची जागा निवडताना नकाशावरचे अंतर फसवे ठरते, कारण पाचशे मीटरचा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा चढ असू शकतो. अल्फामा ही जुनी वस्ती राहण्यास आकर्षक असली तरी तिच्या अनेक गल्ल्यांत मोटार शिरत नाही आणि सामान हातानेच वर न्यावे लागते. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर सपाटीवरचा बाइशा विभाग किंवा मेट्रो स्थानकाजवळचा परिसर निवडावा. येथील पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बसाल्टच्या काळ्या लहान तुकड्यांची नक्षी करून बांधलेले असून ते वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत, म्हणून पकड असलेले बूट ही येथील खरी गरज आहे.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम जुन्या शहरातील अरुंद चढांवरून जाते आणि तिची ख्याती इतकी पसरली आहे की दुपारी तिच्यात उभे राहायलाही जागा मिळत नाही व खिसेकापूंनाही संधी मिळते. सकाळी लवकर, मार्गाच्या आरंभीच्या मार्तिम मोनिझ थांब्यावर चढल्यास हा प्रवास बसून करता येतो.

पहिला दिवस : भूकंपातून वाचलेले शहर

संत जॉर्जच्या किल्ल्याची टेकडी आणि तिच्या उतारावरची अल्फामा यांपासून आरंभ करावा, कारण शहराचा सर्वात जुना भाग हाच आहे. अल्फामाचा पाया खडकाळ असल्याने १७५५च्या धक्क्यांना ती बऱ्याच अंशी पुरून उरली, आणि म्हणूनच मध्ययुगीन मुस्लिम राजवटीतील गल्ल्यांची वेडीवाकडी रचना येथे अजून टिकून आहे. किल्ल्याविषयी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : त्याचे आजचे देखणे बुरूज आणि तटाचे दंतुर माथे हे मोठ्या प्रमाणावर १९३८ ते १९४० या काळात, सालाझारच्या हुकूमशाही राजवटीत, राष्ट्राभिमान जागवण्याच्या हेतूने केलेल्या पुनर्बांधणीतून आलेले आहेत. खाली उतरताना लागणाऱ्या सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा आहेत. अशा फरशांना पोर्तुगालमध्ये ‘अझुलेजो’ म्हणतात. भाजलेल्या मातीच्या चौकोनी फरशीवर कथिलाच्या पांढऱ्या झिलईचा थर देऊन त्यावर रंगाने चित्र काढतात आणि ती पुन्हा भट्टीत भाजतात. येथील एका चित्रात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक दाखवलेला आहे, आणि तो चौक दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहायचा असल्यामुळे या चित्रापाशी थोडा वेळ थांबणे उपयोगाचे ठरते.

आणखी खाली ‘से’, म्हणजे मुख्य धर्मपीठाचे चर्च आहे. ११४७मध्ये अफोंसो एन्रिकेश या राजाने धर्मयुद्धासाठी निघालेल्या उत्तर युरोपीय सैनिकांच्या मदतीने शहर जिंकल्यानंतर मशिदीच्या जागी ते उभारण्यात आले, आणि त्याच्या मागील चौकातील उत्खननात रोमन व इस्लामी काळांचे थर एकाखाली एक सापडले.

याच चर्चसमोर आल्जुबे ही इमारत आहे. हुकूमशाहीच्या काळात येथे राजकीय कैद्यांना ठेवले जात असे आणि २०१५पासून तेथे प्रतिकार व स्वातंत्र्य या विषयाचे संग्रहालय आहे. मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. मूळचे सांगलीचे असलेले मोहन रानडे १९५५मध्ये गोव्यातील बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरही ते लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातील तुरुंगातच राहिले. त्यांची सुटका १९६९मध्ये झाली. काशियास हे लिस्बनहून काश्काइशला जाणाऱ्या उपनगरी रेल्वेवरील स्थानक आहे. गोमंतकातील राष्ट्रीय चळवळीचे प्रणेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना ज्या पेनिशेच्या सागरी किल्ल्यात ठेवले होते, तेथे आता राष्ट्रीय संग्रहालय असून हाताशी एखादा दिवस अधिक असल्यास ते आवर्जून पाहावे.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ ‘फादू’साठी ठेवावी. बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साधी गिटार यांच्या साथीवर गायला जाणारा हा विरहाचा, आठवणींचा गीतप्रकार अल्फामा आणि मोरारिया या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत वाढला, आणि २०११मध्ये युनेस्कोने त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. गाणे सुरू झाले की दिवे मंद होतात आणि जेवण व बोलणे थांबवायचे असते, हा संकेत पाळणे श्रोत्याचे कर्तव्य मानले जाते.

दुसरा दिवस : नव्याने आखलेले शहर

भूकंपानंतर राजा पहिला जोसे याचा मंत्री सेबास्तियाँव जोसे द कार्वाल्यो, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला, त्याने पुनर्रचनेची सूत्रे हाती घेतली. वयोवृद्ध लष्करी अभियंता मानुएल दा माया याने वेगवेगळे पर्याय लेखी मांडले आणि त्यांपैकी जुन्या गल्ल्या पुसून सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते काढण्याचा पर्याय स्वीकारण्यात आला. बाइशा, म्हणजे सखल भाग, हे त्याचे फलित आहे. येथील रस्त्यांना सोनार, चांभार, कापडवाले अशा व्यवसायांची नावे आहेत, कारण प्रत्येक व्यवसायाला स्वतंत्र रस्ता नेमून देण्यात आला होता.

या इमारतींचे खरे वैशिष्ट्य बाहेरून दिसत नाही. त्यांच्या भिंतींच्या आत लाकडाचा एक सांगाडा बसवलेला असून त्याला पोर्तुगीज भाषेत ‘पिंजरा’ अशा अर्थाचे नाव आहे. उभे खांब, आडव्या तुळ्या आणि त्यांच्या प्रत्येक चौकटीत फुलीसारखे बसवलेले तिरके दांडे यांचा हा सांगाडा दगडमातीने भरून घेतला जाई. भूकंपाच्या धक्क्यात भिंत फुटली तरी लवचिक लाकूड हेलकावा सोसून इमारत उभी ठेवील, हा त्यामागचा विचार होता. नमुन्यादाखल बांधलेल्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली गेली, असे सांगितले जाते. रुआ दोस कॉर्रेएइरोस या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली जपलेले उत्खननस्थळ पाहिले की हे सर्व ठसते : वरच्या पातळीला पाणथळ जमीन घट्ट करण्यासाठी ठोकलेले अठराव्या शतकातील लाकडी खुंट दिसतात, आणि त्यांच्या बाजूलाच मासे खारवण्यासाठी रोमन लोकांनी बांधलेल्या टाक्या आहेत. हे स्थळ मार्गदर्शकासह ठरावीक वेळीच दाखवले जाते, त्यामुळे आधी नोंदणी करावी.

बाइशाच्या दक्षिण टोकाला प्रासा दो कॉमेर्सियो हा नदीकडे उघडणारा विस्तीर्ण चौक आहे. पूर्वी या जागी राजवाडा होता आणि तो त्यातील ग्रंथसंग्रहासह नष्ट झाला. राजकुटुंब त्या दिवशी बेलेमला गेल्यामुळे वाचले. पश्चिमेच्या टेकडीवर कार्मो मठाचे चर्च आहे, ज्याचे छत भूकंपात कोसळले आणि जे नंतर कधीही पूर्ण छावले गेले नाही; आज त्याच्या उघड्या कमानींखाली पुरातत्त्व संग्रहालय आहे. याच चर्चसमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान मार्सेलो काएतानोला शरण आणले आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली. एकाच ठिकाणी नैसर्गिक आणि राजकीय अशा दोन उलथापालथींच्या खुणा येथे पाहता येतात.

तिसरा दिवस : बेलेम आणि सागरी साम्राज्य

शहराच्या पश्चिमेला, ट्रामने साधारण अर्ध्या तासावर बेलेम आहे. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा येथूनच निघाला आणि पुढील वर्षी मे महिन्यात कोळिकोडजवळ पोहोचला. येथील जेरोनिमोस मठाचे बांधकाम राजा मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू केले आणि त्यासाठी मसाल्यांच्या व्यापारावरील सुमारे पाच टक्के कराचे उत्पन्न वापरले गेले. मलबारच्या मिरीने या दगडी कोरीव कामाचा खर्च भागवला, हे येथील भारतीय अभ्यागताने विसरू नये. दोर, गाठी, प्रवाळ, सागरी वनस्पती आणि खगोलगोल यांची नक्षी असलेल्या या शैलीला राजाच्या नावावरून ‘मानुएलीन’ म्हणतात. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाचे आणि दुसऱ्या बाजूला कवी लुईस द कामोइंस याचे थडगे आहे. गामाचा मृत्यू १५२४मध्ये कोचीनला झाला, तर कामोइंसने आयुष्यातील काही वर्षे गोव्यात काढली होती. सकाळी दार उघडण्याच्या सुमारास येथे पोहोचल्यास रांगेत जाणारे दोन तास वाचतात.

नदीकाठचा बेलेमचा बुरूज १५१४ ते १५१९ या काळात बांधला गेला आणि मठाबरोबरच १९८३मध्ये जागतिक वारसा यादीत आला. त्याच्या पश्चिमेकडील एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी, वाऱ्यापावसाने झिजलेले गेंड्याचे शिल्प आहे. हा गेंडा गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने गोव्यातील पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याला भेट म्हणून दिला होता. तो गोव्याहून जहाजाने निघून मे १५१५मध्ये लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा मानला जातो. त्याचे वर्णन जर्मनीत पोहोचताच आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो न पाहताच त्याचे प्रसिद्ध काष्ठठसा चित्र केले. पुढे राजाने हा प्राणी पोपला भेट म्हणून पाठवला असता जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि गेंडाही बुडाला. बुरुजाच्या दर्शनी भागाकडे पाहून परतणाऱ्यांच्या नजरेतून हे शिल्प सहज सुटते.

चौथा दिवस : संग्रहालये आणि दफ्तरे

चढउतारांचे तीन दिवस झाल्यावर चौथा दिवस बैठ्या अभ्यासाला द्यावा. राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात बेलेमचे सुवर्णपात्र आहे. किल्वा या पूर्व आफ्रिकेतील बंदराच्या राजाकडून खंडणीदाखल घेतलेल्या आणि वास्को द गामाने दुसऱ्या सफरीतून आणलेल्या सोन्याचे हे पात्र १५०६मध्ये घडवले गेले. तेथेच भारतीय कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी केलेली हस्तिदंताची व शिसवी लाकडाची कामेही पाहायला मिळतात. राष्ट्रीय अझुलेजो संग्रहालयातील सुमारे तेवीस मीटर लांबीच्या चित्रफलकावर १७०० सालच्या आसपासचे लिस्बन नदीवरून दिसते तसे रंगवलेले आहे. पहिल्या तीन दिवसांत शहर फिरून झाल्यावर हा फलक पाहिला, तर काय गेले आणि काय उरले याचा हिशेब चित्रावर बोट ठेवून मांडता येतो.

तोर्रे दो तोंबो हे राष्ट्रीय अभिलेखागार पूर्वी किल्ल्याच्या एका मनोऱ्यात होते. भूकंपात मनोरा पडला, परंतु बहुतेक कागद ढिगाऱ्यातून बाहेर काढण्यात आले. लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून होत असल्याने त्याच्या खंडांना ‘मोसमांची पुस्तके’ असे नाव पडले. या मालिकेचा काही भाग लिस्बनला, तर काही भाग पणजीला आहे. गोव्याच्या दफ्तरखान्याचे दीर्घकाळ प्रमुख असलेले पांडुरंग पिसुर्लेकर यांनी अशाच कागदांच्या आधारे पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उजेडात आणला, आणि मराठेशाहीच्या अभ्यासाला बखरींहून वेगळे असे समकालीन साधन मिळवून दिले.

पाचवा दिवस : सिंत्रा

रोसियो स्थानकातून सिंत्रा या डोंगरी गावाला लोकलने सुमारे चाळीस मिनिटे लागतात. १९९५पासून हा परिसर सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. एका दिवसात दोन राजवाड्यांपेक्षा अधिक पाहू नयेत. डोंगरमाथ्यावरील रंगीत पेना राजवाड्याच्या तिकिटावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते आणि उद्यानाच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत पोहोचण्यास अर्धा तास लागू शकतो, हे न समजल्यामुळे अनेकांचे तिकीट वाया जाते. गावातील जुना राजवाडा त्याच्या मुदपाकखान्याच्या दोन प्रचंड शंकूच्या आकाराच्या धुरांड्यांमुळे दुरूनही ओळखू येतो. सिंत्राच्याच पेन्या वेर्द या वाडीत गोव्याचा सोळाव्या शतकातील व्हाइसरॉय दों जुआँव द कास्त्रो याचे घर होते. घारापुरीच्या लेण्यांचे तपशीलवार वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपीय लेखकांपैकी तो एक होय. सोमनाथकडून नेलेला तेराव्या शतकाच्या अखेरचा एक संस्कृत शिलालेख या वाडीत होता आणि तो ‘सिंत्रा प्रशस्ती’ या नावाने अभ्यासकांना परिचित आहे. ही वाडी खाजगी असल्याने बाहेरूनच पाहावी लागते.

आहार आणि खर्च

उपाहारगृहात बसताच मेजावर ठेवले जाणारे पाव, लोणी व ऑलिव्ह हे फुकट नसतात. ते नको असल्यास हात न लावता परत करावेत, म्हणजे देयकात धरले जात नाहीत. खारवून वाळवलेला कॉड मासा हे येथील मुख्य अन्न आहे. शाकाहारी व्यक्तींनी काल्दो वेर्द या हिरव्या भाजीच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे काप असतात, हे ध्यानात घेऊन आधी विचारून घ्यावे. मार्तिम मोनिझ परिसरात भारतीय, नेपाळी व बांगलादेशी दुकाने आणि खानावळी मोठ्या संख्येने असल्यामुळे डाळ-भाताची सोय होते, आणि साध्या कॅफेतही समोशाचा भाऊबंद असलेला ‘शामुसा’ मिळतो. शहरातील मुक्कामावर सप्टेंबर २०२४पासून तेरा वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीमागे दर रात्री ४ युरो इतका पर्यटन कर, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत, आकारला जातो. निवासाच्या दरात तो बहुधा धरलेला नसतो.

प्रस्थानापूर्वीचा अभ्यास

या साऱ्या आखणीतला सर्वात स्वस्त आणि सर्वात फलदायी भाग महाराष्ट्र व गोव्यातच पार पाडता येतो. १५३४च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेलेला आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला, चौल-रेवदंड्याचे अवशेष, आणि जुन्या गोव्यातील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचे, पहिल्या बांधकामातून टिकून राहिलेले मानुएलीन शैलीचे प्रवेशद्वार, एवढे जरी आधी नीट पाहून ठेवले, तरी जेरोनिमोसच्या दारातील दगडी दोर आणि खगोलगोल ओळखीचे वाटू लागतात. पाच दिवसांत लिस्बनचे सर्व काही पाहून होणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. ज्या सत्तेशी कोकणपट्टीचा दोन शतकांहून अधिक आणि गोव्याचा साडेचार शतकांचा संबंध आला, तिचे उगमस्थान डोळसपणे पाहणे, तिचे वैभव कोणाच्या धनावर व श्रमावर उभे राहिले हे समजून घेणे आणि त्याच शहराने विनाशानंतर स्वतःला विचारपूर्वक कसे उभारले याची दखल घेणे, एवढे साधले तर हा प्रवास सार्थकी लागतो.